दोन ते अडीच

छोट्याची उंची सहा फूट दोन इंच, वजन शंभराला टेकलेलं आणि वय सदुसष्ट. तरीही त्याला छोट्या म्हणणारं एक माणूस अजून शिल्लक होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण. बाकी सगळ्यांचा तो काका, मामा नाहीतर नुसता ‘ड्रायव्हरसाहेब’, कारण पस्तीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती. ताई मात्र चारचौघांत खुशाल हाक मारायची, “छोट्या, इकडे ये रे,” आणि तो डोंगराएवढा माणूस हातातलं काम टाकून निमूट उठायचा.

ताई होती शाळा तपासनीस. एकतीस वर्षं तिने शाळा तपासल्या. तिचं येणं कळवलेलं नसायचं आणि जाणं विसरण्यासारखं नसायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “तीनशे शाळांचा संसार आहे माझा, आणखी एक कुठे वाढवू?” निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि रविवारी भावाकडे जेवायला यायची.

त्या दिवशी रविवार नव्हता. ती सकाळी दहालाच आली, चहा घेतला, कप बशीत पालथा घातला आणि म्हणाली, “डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत. फार तर चार. पोटातलं आता यकृतापर्यंत गेलंय. उद्या गाडी काढशील का? जागा बघायला जायचंय.”

“कसली जागा?” छोट्याने विचारलं. आधीची वाक्यं अजून त्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती.

“मरायची.”

छोट्याची बायको हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. “वन्सं, असं काय बोलता हो!”

“मग कसं बोलू? हॉस्पिस बघायचंय. आजार बरा व्हायचा नाही हे ठरलं की तिथे ठेवतात. दुखू देत नाहीत, शेवटपर्यंत नीट सांभाळतात. आपल्या इथे अशी दोन आहेत. दोन्ही बघते, बरं वाटेल ते ठरवते.”

“आणि ही पुढची खोली काय मी पाहुण्यांना दाखवायला ठेवलीय?” छोट्याचा आवाज चढला. बस चालवताना कधी चढला नव्हता एवढा चढला. “भाऊ जिवंत असताना बहीण परक्या लोकांच्या हाताखाली जाऊन पडणार? लोक काय म्हणतील ते सोड, मला काय वाटेल?”

“तुला काय वाटेल ते मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “तुझ्या बायकोच्या गुडघ्यांना काय वाटेल ते विचारलंस का?”

तिघांचीही नजर एकदमच पुढच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि एकदमच तिथून निघाली. बावीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत त्यांची आई नऊ आठवडे अंथरुणाला खिळून होती. त्या नऊ आठवड्यांबद्दल या घरात कुणी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी ताई तपासणीच्या वेशात आली. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीत वही, दोन पेन्सिली आणि मनगटावर ते मोठ्या आकड्यांचं घड्याळ. चेहरा पिवळट पडला होता, पण पाठ ताठ. तिला बघून छोट्याला जुने मंगळवार आठवले. ही अशीच दर मंगळवारी त्याच्या बसमध्ये चढायची. दूरच्या वस्त्यांकडे जाणारा तो मार्ग त्याच्याकडे अकरा वर्षं होता. ती सगळ्यांसारखी रांगेत उभी राहायची, तिकीट काढायची आणि त्याच्या मागच्या सीटवर बसायची. एक अक्षर बोलायची नाही, कारण समोर पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’. तासभराचा रस्ता. आरशात त्याला तिचा चेहरा दिसायचा, वहीत काहीतरी टिपणारा. उतरताना मात्र दरवाज्यातून म्हणायची, “छोट्या, तिसऱ्या वळणावर जोरात घेतलीस.” सगळी बस हसायची.

“हसतोस काय?” आता शेजारच्या सीटवरून ताईने विचारलं.

“काही नाही. आज बोललीस तरी चालेल. पाटी नाहीये.”

पहिली जागा शहराच्या नव्या भागात होती. बाहेर कारंजं, आत काचेचा दरवाजा आणि गार हवा. टाय घातलेले व्यवस्थापक सामोरे आले, त्यांनी छोट्याशी हात मिळवला आणि छोट्याशीच बोलायला लागले. “तुमच्या बहिणींना इथे अगदी घरच्यासारखं वाटेल. त्यांना संगीत आवडतं का? त्या शाकाहारी आहेत का?”

“त्या इथेच बसल्यात,” छोट्या म्हणाला.

ताईची तपासणीची रीत ठरलेली होती, आणि छोट्याला ती तिच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ होती. आधी संडास, मग पिण्याचं पाणी, मग मागच्या बाकावरचं पोर आणि सगळ्यात शेवटी मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांनी आधी गाठलंच तर नमस्कार करून पुढे सरकायचं. ती उठली. “मला न्हाणीघर दाखवा.”

दाखवलं. चकचकीत होतं. नळाला अजून कंपनीचा कागद चिकटलेला होता.

“हे कुणी वापरत नाही,” ताई म्हणाली. “वापरतात ते दाखवा.”

“मॅडम, ही दाखवायची खोली आहे. बाकीच्या खोल्यांत रुग्ण आहेत, त्यांच्या खाजगीपणाचा प्रश्न येतो.”

“बरोबर आहे. मग एवढंच सांगा. गेल्या रविवारी दुपारी इथे कोणत्या सिस्टर होत्या?”

व्यवस्थापकांनी फोनकडे पाहिलं, मग छताकडे. “बघून कळवतो.”

ताईने वहीत एक ओळ लिहिली आणि पिशवी उचलली. गाडीत बसल्यावर छोट्याने विचारलं, “काय लिहिलंस?”

“इमारत उत्तम. शाळा भरलेली दिसली नाही.”

छोट्या मोठ्याने हसला. मनात म्हणाला, चला, एक तर कटलं. दुसरंही कटेल आणि ही मुकाट्याने माझ्या घरी येईल.

दुसरी जागा बाजारामागच्या गल्लीत होती. कधीकाळी तिथे हातमोजे शिवायचा कारखाना होता. उंच खिडक्या, जाड भिंती, लाकडी जिना आणि खाली लांब दालनात पडद्यांनी वेगळ्या केलेल्या बारा खाटा. दारात मोठ्या सिस्टर भेटल्या. पन्नाशीच्या, ऐसपैस बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी छोट्याकडे बघून मान हलवली आणि ताईला विचारलं, “दुखतंय का आत्ता?”

“थोडं.”

“किती थोडं? चालवेल एवढं, का बसून बोलूया?”

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळे रिपोर्ट मागायचे.

“चालवेल,” ती म्हणाली. “मला तुमचं न्हाणीघर बघायचंय.”

न्हाणीघर जुनं होतं, एक फरशी तडकलेली. पण भिंतीवरच्या कठड्याचा रंग दोन ठिकाणी हातांनी घासून उडाला होता, म्हणजे तो बरोबर जागी बसवलेला होता. ताईने स्वतः तो धरून उठून-बसून पाहिलं. मग स्वयंपाकघर. तिथे एक शिडशिडीत आचारी कॉफी गाळत होता.

“कुणासाठी?” ताईने विचारलं.

“सात नंबरच्या आजोबांसाठी. त्यांना गिळता येत नाही.”

“मग कॉफी कशाला?”

“वासासाठी. रोज अकराला कप नुसता हातात धरतात. गरम लागते. पाच मिनिटांनी मी परत आणतो.” मग ओशाळून म्हणाला, “मीच पितो ती नंतर. वाया कुठे घालवायची?”

ताईने यातलं काही वहीत लिहिलं नाही. नुसती उभी राहिली. छोट्याला ती खूण माहीत होती. शाळेत एखादी गोष्ट मनापासून आवडली की तिची पेन्सिल थांबायची.

मागच्या बाकावरचं पोर म्हणून तिने निवडला खिडकीजवळच्या खाटेवरचा एक म्हातारा शिंपी. त्याच्याकडे कुणी भेटायला आलेलं नव्हतं. तिने शेजारी खुर्ची ओढली. शिंप्याने आधी तिच्या बाहीची शिवण दोन बोटांत धरून बघितली. “हात चांगला आहे. काज मात्र घाईत केलंय.”

“तीस वर्षांपूर्वीचं आहे.”

“म्हणून काय झालं? घाई दिसते ती दिसतेच.”

दोघांची गट्टी जमायला एवढं पुरे झालं. दोन-अडीच तास ती बसली. तो आपल्या दुकानाबद्दल बोलला, ती शाळांबद्दल. मध्ये सूप आलं, ते तिने चाखून बघितलं. शेवटी तिने आवाज खाली आणून विचारलं, “इथे बरं आहे ना? खरं सांगा. मी कुणाला नाव सांगणार नाही.”

शिंप्याने पडद्यापलीकडे कानोसा घेतला. “सगळं चांगलं आहे हो. माणसं जीव लावतात. एकच आहे. दुपारी दोन ते अडीच दुखायला लागू नये.”

“का?”

“पाळी बदलते ना. सगळ्या सिस्टर आत खोलीत बसतात, दार लावून. जाणाऱ्या येणाऱ्यांना सगळं समजावून सांगतात. तोपर्यंत घंटी वाजवली तर...” त्याने हात हवेत हलवला. “आम्ही आपले सांभाळून घेतो. दोनच्या आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर दात आवळून धरायचं.”

घड्याळात दोनला दहा होते. ताई जागची हलली नाही.

दोन वाजून गेले. दालन शांत झालं. लांब कुठेतरी दार बंद झाल्याचा आवाज आला. दोन वाजून सात मिनिटांनी शिंप्याने बोलता बोलता वाक्य अर्धं सोडलं. त्याचे गुडघे पोटाशी आले, कपाळावर घाम फुटला. त्याने उशाशी असलेली घंटी दाबली. दारावरचा लाल दिवा लागला. कुणी आलं नाही.

छोट्या भिंतीला टेकून उभा होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दातांआडून येणारा, कुणाला त्रास नको म्हणून दाबलेला. आईचा आवाज असाच जिन्यापर्यंत यायचा.

“दोन मिनिटं झाली,” ताई घड्याळाकडे बघत म्हणाली. तिचा दुसरा हात शिंप्याच्या हातात होता आणि त्याची बोटं तिच्या बोटांत रुतत होती.

“ताई, घड्याळ काय बघतेस!” छोट्या ओरडला. “माणूस तळमळतोय!”

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “जा,” ती म्हणाली. “दार ठोठावू नकोस. सरळ उघड.”

छोट्या धावला. सदुसष्टाव्या वर्षी, शंभर किलो वजनाने. दार उघडलं तर आत पाच सिस्टर्स टेबलाभोवती वह्या उघडून बसलेल्या. त्याला बोलताच येईना. त्याने फक्त मागे बोट दाखवलं. मोठ्या सिस्टर त्याच्या बगलेखालून निसटून गेल्या, हातातली वही खाली पडली ती पडलीच. तीन मिनिटांत औषध टोचलं गेलं. वीस मिनिटांनी शिंप्याचे पाय सरळ झाले आणि तो ताईला म्हणाला, “तुमची बोटं मोडली का हो?”

नंतर छोट्या, ताई आणि मोठ्या सिस्टर जिन्याजवळच्या लहान खोलीत बसले. एक तरुण सिस्टर दारात उभी होती, रडवेली. “आम्ही काय मुद्दाम करतो का?” ती म्हणाली. “नीट समजावून दिलं नाही तर पुढच्या पाळीत चूक होते. दार उघडं ठेवलं तर एका रुग्णाचं दुसऱ्याला ऐकू जातं.”

“बरोबर आहे तुझं,” ताई म्हणाली.

मोठ्या सिस्टर चष्म्याच्या दोरीशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, “नऊ वर्षं मी इथे आहे. नऊ वर्षं दोन वाजता ते दार लावते. मला कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नाही.” त्यांनी ताईची वही आणि पेन्सिल यांकडे पाहिलं. “शाळेत तास बदलताना वर्गात कोण असतं?”

ताई जरा चमकली. “बहुतेक ठिकाणी कुणीच नसतं. तेवढ्यात दोघांची डोकी फुटतात. चांगल्या शाळेत मात्र पुढचे मास्तर दारात दिसल्याशिवाय आधीचे हलत नाहीत. जे सांगायचं ते तिथेच, उंबऱ्यावर, हळू आवाजात.”

“पेन्सिल देता?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी खिशातल्या एका कागदाच्या पाठीवरच काहीतरी लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर छोट्याचं तोंड सुटलं होतं. “नापास! सपशेल नापास! आपल्या डोळ्यांदेखत माणूस तळमळला. आता बोलू नकोस, सामान बांध, घरी चल.”

“पास,” ताई म्हणाली.

त्याने ब्रेकच दाबला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्याने गाडी कडेला घेतली, एका बंद दुकानासमोर.

“ऐक,” ती म्हणाली. “तुझ्या त्या मंगळवारच्या मार्गावर, अगदी शेवटच्या थांब्याला एक शाळा होती. एकच मास्तर, चार इयत्ता. मी गेले तेव्हा पोरांना अपूर्णांक काडीचा येत नव्हता. मी मास्तरांना विचारलं, असं का? बाकी कुठल्याही शाळेत ऐकायला मिळालं असतं, पोरं गैरहजर असतात, पुस्तकं आली नाहीत. हा माणूस म्हणाला, बाई, मलाच नीट येत नाही. तुम्ही शिकवाल का? मी फळ्याशी उभी राहिले. तो पोरांबरोबर खाली बसला. पुढच्या वर्षी त्या शाळेची पोरं सगळ्या भागात पहिली आली. एकतीस वर्षांत मी एवढंच शिकले, छोट्या. चूक कुठे नसते? चूक दाखवल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. कारंज्यावाला चूक दाखवूच देत नव्हता. हिने पेन्सिल मागितली.”

छोट्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. “तरी पण घर ते घर,” तो म्हणाला. आवाजातला जोर गेला होता.

“आई घरीच होती.”

त्याने आरसा उगाच सरळ केला.

“त्या नऊ आठवड्यांत तू डबल ड्युट्या घेत होतास,” ताई म्हणाली. “माणसं कमी आहेत म्हणायचास. डेपोत माणसं कमी नव्हती. मी चौकशी केली होती.”

छोट्याचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षं त्याला वाटत होतं की हे त्याच्या एकट्यालाच माहीत आहे. आईचं कण्हणं जिन्यात ऐकू यायचं आणि जिना चढवत नसे, म्हणून तो परत फिरून डेपोत जायचा आणि आणखी एक फेरी मागून घ्यायचा.

“ताई, मला...”

“थांब. माझं झालेलं नाही. त्याच नऊ आठवड्यांत मी सगळ्यात लांबच्या शाळा तपासायला घेतल्या. यादी मीच करायचे. जवळच्या शाळा पुढच्या तिमाहीत ढकलल्या.” ती समोरच्या काचेकडे बघत होती. “आपण दोघंही पळालो. सगळं तुझ्या बायकोच्या अंगावर पडलं. आणि तिलाही काय करायचं ते ठाऊक नव्हतं, डॉक्टर हात झटकून मोकळे झाले होते. दुखू नये म्हणून काही करता येतं हेच कुणी आपल्याला सांगितलं नाही. मला तुला पुन्हा जिन्यात उभं करायचं नाहीये, छोट्या. मला तू शेजारी बसलेला हवायस.”

भर दुपारी, वाहत्या रस्त्याच्या कडेला, तो सहा फुटी माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. ताईने त्याच्या मानेवर हात ठेवला. त्याला आठवलं, तो पाच वर्षांचा असताना ती जिन्याच्या पायऱ्यांवर शाळा भरवायची. ती बाई, तो विद्यार्थी, आणि पट भरावा म्हणून घरातल्या सगळ्या उशा पायरी-पायरीवर बसवलेल्या. प्रत्येक उशीला नाव होतं. हजेरी घेताना उशांच्या वतीने तोच वेगवेगळ्या आवाजात “हजर” म्हणायचा. उत्तर चुकून रडायला लागला की ती असाच मानेवर हात ठेवायची आणि शेजारच्या उशीला रागवायची, “तू त्याला चुकीचं सांगितलंस ना?”

आठवड्याने ताई न कळवता पुन्हा तिथे गेली, बरोबर दोनला पाच कमी असताना. आतलं दार सताड उघडं होतं आणि खोली रिकामी. सिस्टर्स दोघी-दोघींनी एकेका खाटेपाशी उभ्या होत्या, रुग्णालाही बोलण्यात घेऊन. शिंप्याच्या खाटेपाशी येणारी सिस्टर विचारत होती, “सकाळचं दुखणं कसं होतं?” आणि शिंपी ऐटीत सांगत होता, जाणारीला मध्येच थांबवून दुरुस्त करत होता. ताईने तीन दिवसांनी आपलं सामान हलवलं. शिंप्याच्या शेजारची खाट मागून घेतली.

तिथे ती सात आठवडे राहिली. छोट्या रोज जायचा. सुरुवातीला चोरासारखा, टोपी हातात धरून, खाटेच्या टोकाला. मग हळूहळू सरावला. दुखणं उसळायचं, पण सिस्टर यायच्या आणि अर्ध्या तासात ताईचा चेहरा परत ताईचा व्हायचा. त्याला नवल वाटायचं. मरणाऱ्या माणसाशी एवढ्या गप्पा मारता येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांत झाल्या नव्हत्या एवढ्या गप्पा त्यांच्या त्या सात आठवड्यांत झाल्या. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे उलटे जुळवायचे, त्यामुळे घरी चिठ्ठी लिहिली तरी चुकून उलट्या क्रमाने लिहायचे. आई सुरात कधीच गायली नाही, पण गाणं कधी सोडलंही नाही. दोघांनी मिळून लपवलेली ती मांजर, जी घरमालकाच्याच बिछान्यात व्याली. एक आठवण ती काढायची, दुसरी तो. भांडायचेही. मांजर पांढरी का करडी यावर दोन दिवस अबोला होता.

बायको दिवसाआड यायची. ताईचे केस विंचरायची. एकदा ताईने तिचा हात धरून म्हटलं, “तेव्हा तुझ्यावर सगळं टाकून मी पळाले. चुकलं माझं.” बायकोने फणी थांबवली नाही. “माहीत होतं मला, वन्सं,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांचंही. राग होता. फार होता. आता मान सरळ ठेवा बघू.” आणि मग बराच वेळ ती विंचरतच राहिली, गुंता कधीच सुटलेला असताना.

पाचव्या आठवड्यात शिंपी गेला, दुपारी, झोपेत. जाण्याआधी दोन दिवस त्याने ताईच्या बाहीचं ते काज हट्टाने उसवून पुन्हा केलं होतं. चार टाके घालायला त्याला दोन तास लागले. कुणी घाई केली नाही.

शेवटी शेवटी ताईला बोलणं जड जायला लागलं. तेव्हा छोट्याने तिच्या घरून तिच्या जुन्या तपासणी वह्या आणल्या, एकतीस वर्षांच्या, दोन खोकी. तो वाचायचा, ती डोळे मिटून ऐकायची. तो काही वाचणारा माणूस नव्हता, बोट ठेवून एकेक ओळ वाचायचा. ‘मुलांना हसू येते. शिक्षकांना येत नाही.’ ‘पाण्याची टाकी स्वच्छ. मुख्याध्यापक स्वतः चढून धुतात, हे त्यांच्या विजारीवरून कळले.’ ‘तिसरीतल्या एका मुलीने मला विचारले की तुम्हाला कोण तपासते. उत्तर देता आले नाही.’ एकदा त्याला एका पानाच्या समासात सापडलं, ‘आज बसमध्ये छोट्याला ताप असावा. सारखा खोकत होता. पाटीमुळे मला बोलता येईना.’ तो वाचायचा थांबला. तिने डोळे न उघडता बोटाने खूण केली, पुढे वाच.

सकाळी अकराच्या सुमारास, खिडकीतून ऊन खाटेवर आलेलं असताना, तो अशीच एक वही वाचत होता. एका शाळेच्या बागेचं वर्णन होतं, मुलांनी लावलेल्या भोपळ्याच्या वेलाचं. पान उलटताना त्याच्या लक्षात आलं की तिचा श्वास लांब लांब पडतोय. त्याने घंटी दाबली. मोठ्या सिस्टर लगेच आल्या, ताईची नाडी धरली, आणि त्याच्याकडे बघून मानेनेच सांगितलं. “दुखत नाहीये त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचा. ऐकू येत असतं.” त्याने वाचलं. वेलाला सतरा भोपळे लागले होते आणि त्यातला एक मुलांनी ताईला दिला होता. तो पान संपेपर्यंत वाचत राहिला. संपलं तेव्हा ती गेलेली होती. तो शेजारीच होता, आणि तिचा हात त्याच्या हातात होता.

महिन्याभराने हॉस्पिसकडून एक कागद आला. रुग्णाच्या नातेवाइकांनी भरायचा, आमची सेवा कशी वाटली ते सांगा, मोकळेपणाने लिहा. छोट्याने चष्मा लावला, जेवणाच्या टेबलापाशी बसला आणि सबंध दुपार त्या एका कागदावर घालवली. चांगलं होतं ते सगळं लिहिलं. आचाऱ्याचं लिहिलं, त्या तरुण सिस्टरचं लिहिलं. मग बायकोला विचारलं, “खुर्च्यांचं लिहू का? बरं दिसेल का?”

“तुमच्या बहिणीने लिहिलं असतं का?”

त्याने लिहिलं, ‘भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या फार बुटक्या आहेत. उंच माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. सात आठवडे बसणे कठीण.’

चार दिवसांनी मोठ्या सिस्टरचा फोन आला. “ड्रायव्हरसाहेब, दोन उंच खुर्च्या आणल्यात. तुमच्या मापाच्या आहेत का नाहीत ते आम्हाला कसं कळणार? येऊन बसून बघा.”

तो गेला. खुर्ची चांगली होती. ती सात नंबरच्या आजोबांच्या खाटेशी ठेवलेली होती, आणि आजोबांच्या हातात कॉफीचा कप होता. छोट्या बसला, उठला, परत बसला. आजोबांनी विचारलं, “कुणाचे तुम्ही?”

“पलीकडच्या खाटेवरच्या तपासनीसबाई होत्या ना, त्यांचा धाकटा भाऊ.”

आजोबा त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. “धाकटा?” ते म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. छोट्यालाही फुटलं. मग आजोबांनी विचारलं की बाई लहानपणी कशा होत्या, आणि छोट्याने खुर्ची जरा पुढे सरकवून सांगायला सुरुवात केली.